पाच डबे, एक हडळ आणि शिरोड्याचं मीठ

आमच्या मागच्या पडवीत मॅट काळ्या स्प्रे-रंगाचा अर्धा डबा अजून शिल्लक आहे. वर्ष होऊन गेलं. काल सहज हलवून बघितला, आतली गोळी खडखडली, दाबला तर पहिल्या दाबाला फवारा आला. बाकीच्या चार डब्यांबद्दल इतकं चांगलं बोलता येणार नाही, म्हणून कौतुक आधी उरकून घेते.

सिंधुदुर्गातल्या शिरोड्यात आमचं घरगुती राहण्या-जेवणाचं आहे, तीन खोल्या. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची मंडळी पोरांना घेऊन येतात. २०२४ च्या ऑक्टोबरात एका बाईंचा फोन आला. खोली, भाडं, सोलकढी सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "३१ तारखेला हॅलोविन आहे, मुलांसाठी तुमच्याकडे काही भुताचं वगैरे असतं का हो?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. ३१ तारखेला नरकचतुर्दशी! म्हटलं, पहाटे आमचा नरकासुराचा पुतळा जळेल, कारीट फोडून पोहे खाऊन होतील, आणि रात्री हवी तेवढी भुतं दाखवते. बोलून बसले आणि मग कामाला लागले. फाटकापासून विहिरीपर्यंत चाळीस पावलांची वाट आहे, दोन्ही बाजूंनी माड. तिथे भुतं उभी करायची असं ठरलं.

भुतांची आपल्याकडे काय कमी! हडळ, पाण्याशी राहणारा गिऱ्हा, मुंजा, चकवा. यादी करायला बसले तर शेजारचे आजोबा कठड्यावरून म्हणाले, "वेतोबाचा नाव घेव नको हां. तो आपलो राखणदार. बाकी काय ता कर." बरोबरच होतं. आरवली इथून हाकेच्या अंतरावर, तिथे लोक वेतोबाला केळ्यांचे घड आणि हातभर लांबीच्या चपला वाहतात. तो रात्री गावभर फिरतो म्हणून चपला झिजतात, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. त्याला थर्माकोलात कोण करणार? मग एक हडळ, विहिरीशी एक गिऱ्हा, चार-पाच कवट्या आणि एक पडकी भिंत, एवढ्यावर आले.

रंग घ्यायला सावंतवाडीला गेले. बाजारातलं जुनं हार्डवेअरचं दुकान, नाव नाही लिहीत, पण दुकानदाराला पाचपैकी पाच. गिऱ्हाईक बाई आहे म्हणून उडवून लावलं नाही. काय रंगवायचं, कशावर रंगवायचं, उघड्यावर राहणार की आत, सगळं विचारलं. ४०० मिलीचे पाच डबे घेतले: मॅट काळा, करडा, पांढरा, रेड ऑक्साइड प्रायमर आणि एक फ्लोरोसंट हिरवा. सगळे मिळून १,३८० रुपये, त्यात एकटा हिरवाच ३५० चा. एका डब्यात दरवाजाची एक बाजू जेमतेम एका हातात होते, एवढाच माल असतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर पांढरा घेतला नसता. पांढऱ्यासाठी घरातलं उरलेलं भिंतीचं इमल्शन होतंच. निघताना दुकानदार म्हणाला, "वयनी, हो थर्माकोलार मारू नकात हां." मी बिल बघत होते. ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही.

मासळी बर्फात घालून येते ते थर्माकोलचे खोके आमच्याकडे ढिगाने पडलेले असतात. दोन धुऊन, उन्हात टाकून वास घालवला आणि पावाच्या सुरीने एक कवटी कोरली. दोन तास गेले. दात वेगळे, गालफडं वेगळी, खरंच छान झाली होती. पुतण्याला म्हटलं, मार काळा. त्याने जवळून सणसणीत मारला. आधी चिर्र असा बारीक आवाज आला, भज्याचं तेल उतरल्यावर येतो तसा. मग डोळ्याची खोबण मोठी होऊ लागली. मग नाक. "काकी, कवटी वितळली गो!" आम्ही बघत राहिलो आणि दोन मिनिटांत माझे दोन तास आत बसले.

कारण साधं आहे, फक्त डब्यावर मुंगीएवढ्या इंग्रजीत छापलेलं. रंग पातळ राहावा म्हणून त्यात जे द्रावण असतं, ते थर्माकोलचं प्लास्टिक विरघळवतं. आणि थर्माकोल म्हणजे बहुतेक हवाच, शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग. उरलेले दोन भाग विरघळले की राहिलं काय? डब्याला मी याचे गुण कापत नाही. मराठीत एक ठळक ओळ छापायला मात्र कंपनीचं काही गेलं नसतं.

आता खरी गंमत. ती फसलेली कवटी मी रागाने कुंपणाशी फेकली होती. संध्याकाळी दिवा लावायला गेले तर ती तुटक्या चिऱ्यासारखी दिसली. तशीच भोकं, तशाच वेड्यावाकड्या पोकळ्या, कडेला तशीच झिजलेली धार. आमच्याकडे सगळं गाव जांभ्या दगडाचं. घराचा जोता, गडगा, विहिरीची बांधणी, सगळीकडे हा भोकाभोकांचा लाल दगड. आणि तो माझ्या हातून आपोआप तयार झाला होता.

दुसऱ्या दिवशी खोक्यांचे चिऱ्याच्या मापाचे तुकडे कापले. हातभर लांबून हलका फवारा मारला की मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक जाळी पडते. वीतभर अंतरावरून मारला की अंगठा जाईल असं भोक. दोन्ही एकाच तुकड्यावर कमी-जास्त मारले तर अस्सल चिरा. भोकांत काळा राहतो, तो राहू द्यायचा, तीच सावली. वाळल्यावर वरच्या उंचवट्यांवर फक्त इमल्शनमध्ये गेरू कालवून कापडाने पुसल्यासारखा लावला. पाण्यातला रंग थर्माकोलला खात नाही, उलट त्याचा पापुद्रा झाला की वरून मारलेला स्प्रे लगेच आत पोचत नाही. दोन हात देऊन पूर्ण वाळवलं आणि मग लांबून, हात न थांबवता रेड ऑक्साइडची नुसती धूळ उडवली. पायथ्याला शेवाळाचा हिरवा ब्रशनेच. आजोबा आले, "चिरे खंयसून हाडलंस?" म्हणाले आणि उचलायला वाकले. दोन्ही हातांचा जोर लावून उचलला तो चिरा त्यांच्या कपाळावर आपटला. अख्ख्या दिवाळीत याहून चांगली पावती मिळाली नाही.

एक सांगून ठेवते. हे काम मोकळ्यावरच करा. थर्माकोल विरघळताना जो वास सुटतो तो नुसता घाण नाही, वाईट असतो. मी तोंडाला ओढणी बांधली होती. ओढणीने रंगाचे कण अडले, वाफ नाही अडली, रात्री डोकं असं ठणकलं की जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन करून कोळशाची डबी लावलेला मास्क मागवला. आणि जवळ चूल, मच्छर अगरबत्ती, पणती काही नको. फवारा ढकलणारा गॅस म्हणजे आपल्या सिलिंडरमधल्याच्या जातीचा, पेट घेणारा.

ज्या कवट्या कवट्या राहायला हव्या होत्या त्यांना मैद्याची खळ लावून वर्तमानपत्राचे दोन थर चिकटवले. दोन दिवस वाळल्या. मग स्प्रेने काही केलं नाही. त्याहून सोपा उपाय करवंट्यांचा निघाला. सोललेल्या नारळाला तीन डोळे असतातच. त्यावर करडा मारला आणि डोळ्यांत काळा, की माकडाची कवटी तयार. पुण्याचा सहा वर्षांचा मुलगा माझ्या कोरलेल्या कवट्यांना हसला आणि करवंटीला बघून आईच्या मागे लपला.

हडळीसाठी लोखंडी सळी, तिला आडवी काठी, त्यावर जुन्या मच्छीमार जाळ्याचा बोळा करून खांदे आणि अंगावर सासूबाईंचं जीर्ण नऊवारी. लुगडं पेजेत बुडवून पिळलं आणि अंगावर टाकून तसंच वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या चुण्या पापडासारख्या कडक. केस सुंभ सोडवून केले. रंगवण्याची युक्ती मला हळूहळू कळली आणि या सगळ्या खटाटोपात मला तीच आवडली. काळा नेहमी खालून वर मारायचा, जमिनीशी डबा नेऊन. म्हणजे प्रत्येक चुणीचं पोट काळं होतं. मग करडा वरून, डोक्यापेक्षा हात उंच धरून, नुसता भुरभुरू द्यायचा. तो चुणीच्या पाठीवरच बसतो. एवढंच केलं तरी भरदुपारी हडळीवर चांदणं पडल्यासारखं वाटतं. बोट दाबायला सुरुवात हडळीच्या बाहेर करायची आणि सोडायचं पण बाहेरच, नाहीतर जिथे थांबलात तिथे ओघळ. अर्थात हडळीला ओघळ शोभतो. खुर्चीला शोभणार नाही.

आता हवेबद्दल, कारण आपल्याकडे अर्धी भांडणं हवेशीच. पहिले दोन दिवस मी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर मारत होते. काळा वाळला तो भुरकट, राखेसारखी साय धरून. वाटलं डबा शिळा. तसं नव्हतं. रंगातलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेत इतका दमटपणा असला की त्यावर पाणी धरतं आणि रंग पांढुरका होतो. वाळल्यावर कडक उन्हाच्या दिवशी पुन्हा हलका हात मारला तेव्हा तो पांढुरकेपणा गेला. दुपारी मारावं तर खारा वारा सुटलेला. एका दुपारी फवारा वाटेतच वळला आणि दोरीवरच्या ह्यांच्या पांढऱ्या बनियनवर उतरला. ह्यांनी काही म्हटलं नाही, नुसती बनियन घालून दिवसभर माझ्यासमोर फिरले. त्याहून पोटात गोळा आला तो शेजारच्या खळ्यात भात वाळत घातलेलं दिसल्यावर. तिथून पुढे वेळ ठरवली: दव सुकल्यापासून समुद्राकडचा वारा सुटेपर्यंत, म्हणजे साधारण साडेनऊ ते अकरा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला दिवसातून एवढीच वेळ मिळते.

आणि रंगवायच्या आधी वस्तू गोड्या पाण्याने धुवा. नुसतं पुसून चालत नाही. पडवीत आठ दिवस पडलेल्या कशावरही हात फिरवून जिभेला लावा, मीठ लागेल. त्या मिठावर रंग मारला तर ते खालून ओल ओढतं आणि रंगाला फोड येतात. मी सळी धुतली नाही आणि रेड ऑक्साइड प्रायमर हातात असताना तो चिऱ्यांवर उडवला, सळीवर थेट काळा मारला. तीन आठवड्यांत काळ्यातून गंज फुटला. लोखंडासाठी बनवलेला प्रायमर थर्माकोलवर आणि लोखंड उघडं, असा माझा कारभार. डब्याचा दोष शून्य.

याच मिठाने पुढे कामही केलं. गिऱ्ह्याच्या हातात द्यायला जुनी गंजलेली कळशी हवी होती, होती ती निळी प्लास्टिकची. ती पॉलिश पेपरने खरवडली, कारण गुळगुळीत प्लास्टिकला रंग धरत नाही. सगळीकडे रेड ऑक्साइड मारून वाळवला. मग पाण्याचा हात फिरवून जाडं मीठ चिकटवलं, कुठे मूठभर, कुठे चार खडे. पाणी सुकून मीठ अंगावर बसल्यावर वरून काळा. तासाभराने सुक्या हाताने मीठ चोळून काढलं. जिथे खडा होता तिथे खालचा लाल उघडा पडला, कडा अगदी गंजाने पोखरल्यासारख्या. बारीक मीठ घेऊ नका, त्याने नुसती पुटकुळ्यांची साथ आल्यासारखं दिसतं. इथल्या मिठागरातलं जाडं मीठच. ज्या मिठासाठी १९३० साली शिरोड्यात लोकांनी लाठ्या खाल्ल्या ते मी गिऱ्ह्याच्या कळशीवर चोळतेय, हे मनात आलं आणि जरा ओशाळले. चोळून काढलेलं मीठ मात्र फेकूनच द्या, रंग लागलेला असतो.

हिरव्याचं ऐका. फ्लोरोसंट म्हणजे अंधारात चमकणारा, असं मी धरून चालले होते. गिऱ्ह्याचे डोळे आणि बोटं त्याने रंगवली, रात्री दिवे घालवले आणि काळोखात नुसता काळोख. दुकानदार फोनवर हसला. अंधारात चमकतो तो रंग वेगळा, तो आधी उजेड पिऊन ठेवतो आणि मग थोडा थोडा सोडतो. फ्लोरोसंटला त्या क्षणी वरून प्रकाश लागतो, आणि सगळ्यात जास्त उजळतो तो जांभळ्या यूव्ही दिव्याखाली. मंडपवाल्याकडून तसला एक दिवा आणून माडाला टांगला, तेव्हा विहिरीशी दहा हिरवी बोटं अशी उठली की मीच दोन पावलं मागे आले. पण ३५० रुपयांचा रंग आणि वर दिव्याचं भाडं. शिवाय हा रंग उन्हात टिकत नाही. महिनाभरात उन्हाकडचा हात पिकल्या पानासारखा झाला, सावलीतला हिरवाच होता. पुन्हा घेणार नाही.

पांढऱ्याचं तोंड पहिल्यापासून बुजलेलं निघालं. बदलून मिळाला नाही, उघडलेला डबा परत घेत नाहीत म्हणे. काळ्याचं तोंड काढून त्याला बसवलं तेव्हा चालला, एकाच कंपनीचे होते म्हणून बसलं. काम झालं की डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दोन-तीनदा दाबायचं, म्हणजे नळीत रंग राहून सुकत नाही. माझा काळा वर्षभर चालला तो यामुळेच. आणि डबे जमिनीवर ठेवू नका. आपल्या हवेत पत्र्याची बुडं गंजतात. मी फळीवर, कोरड्या कोपऱ्यात ठेवते, उन्हापासून लांब.

वाडीतली पोरं नरकासुराच्या तोंडाला उरलेला करडा मागायला आली होती. दिला नाही. जो जाळायचा आहे त्याला कागद, गवत आणि पाण्यातला रंग पुरे. त्यातल्या एकाने रिकामे डबे पोटात भरूया, मस्त आवाज येईल, असं काढलं, तेव्हा त्याच्या आईला हाक मारली. रिकामा म्हणतो त्या डब्यात गॅस उरलेला असतो. आगीत तो फुटतो आणि पत्रा कुठेही उडतो.

तर घ्यायचे असतील तर मॅट काळा दोन घ्या, करडा एक, रेड ऑक्साइड एक. पांढऱ्याला इमल्शन आणि ब्रश. उरलेल्या पैशांत मास्क.

भुतांची वाट तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवली आणि मग आवरली. चिरे माळ्यावर आहेत, जसेच्या तसे. हडळ मे महिन्यात आजोबांनी मागून नेली, काजूच्या बागेत माकडांसाठी. दोन दिवस एकही माकड फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मी बघायला गेले तर एक बाई माकड पिल्लाला पोटाशी धरून हडळीच्या खांद्यावर बसली होती आणि सुंभाचे केस उपटत होती. लुगड्यावरचा करडा शाबूत होता. खांद्याचा तेवढा सगळा सोलून निघाला होता, कारण खाली मच्छीमार जाळं होतं, आणि त्या प्लास्टिकच्या धाग्यावर कुठलाच रंग धरत नाही.